छायाचित्रकाराचा सरंजाम आणि पारनेरची वाट

पौष पौर्णिमेच्या सुमारास पिंपळगाव रोठ्याला कोरठण खंडोबाची यात्रा भरते आणि चैत्रात निघोजच्या मळगंगेची; मधल्या दिवसांत कुठल्यातरी गावच्या घाटात बैलगाडे सुटतात, राळेगणसिद्धीत आंदोलनाचा मंडप उभा राहतो, आणि पावसाळ्यात कुकडीला पाणी उतरले की निघोजच्या रांजणखळग्यांचे छायाचित्र प्रत्येक संपादकाला हवेसे वाटू लागते. पारनेर तालुक्यात वृत्तछायाचित्रणाचे काम करणाऱ्याला वर्षाकाठी जिथे जिथे जावे लागते त्या स्थळांची ही नुसती जंत्री वाचली, तरी ध्यानात यावे की यांपैकी एकाही ठिकाणी सामान बाजूला मांडून, भिंगे निरखून, स्वस्थ चित्ताने छायाचित्र घेण्याची मुभा नाही. जे काही हवे ते अंगावर असले पाहिजे, हाताला तत्काळ लागले पाहिजे, आणि तरीही पाय मोकळे राहिले पाहिजेत. कॅमेरा कोणता घ्यावा यावर आपल्याकडे महिनोन्महिने खल चालतो. तो वाहून कसा न्यावा हा विचार मात्र दुकानदार वर म्हणून जी पिशवी देईल तिच्यापाशीच संपतो. ज्या वस्तूशी छायाचित्रकाराच्या खांद्याचा, कमरेचा आणि पर्यायाने त्याच्या व्यवसायातील आयुर्मर्यादेचा संबंध आहे, तिच्याविषयी इतकी बेफिकिरी मला नेहमीच चमत्कारिक वाटत आली आहे.

या कलेच्या आरंभी प्रश्न पिशवीचा नव्हताच. तो गाडीचा आणि हमालांचा होता. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने जी ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात काचेवर कोलोडियनचा थर देऊन, ती रौप्यक्षारात बुडवून, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाशित करावी लागे आणि वाळण्याच्या आत धुवावी लागे. त्यामुळे जिथे कॅमेरा तिथे काळोखा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि पाण्याच्या घागरी, असा सारा जामानिमा बरोबर नेणे प्राप्त होते. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाडांसारखे विद्वान तिचे सभासद झाले, तो काळ हाच. अजिंठ्याच्या लेण्यांची चित्रे काढता काढता ज्याची हयात गेली तो रॉबर्ट गिल पुढे कॅमेऱ्याकडे वळला तोही याच पद्धतीच्या अमदानीत. रॉजर फेंटन १८५५ मध्ये क्रिमियाच्या रणभूमीवर गेला तेव्हा दारूच्या व्यापाऱ्याची जुनी गाडी काळोखी खोली म्हणून ओढत घेऊन गेला, आणि सॅम्युअल बोर्न १८६४ साली काश्मीरच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा त्याच्यामागे चाळिसांहून अधिक हमालांची रांग होती. त्या साहेबांनी हिमालयाची जी अप्रतिम चित्रे काढली त्यांवर त्यांचे नाव यथास्थित आहे. ज्यांच्या पाठीवरून त्या काचा बर्फातून न फुटता खाली आल्या, त्यांची नावे कोणत्याच दप्तरात नाहीत.

पुढे १८७१ मध्ये कोरड्या काचेची युक्ती निघाली, मागोमाग गुंडाळीची फिल्म आली, आणि १९२५ साली लायका हा खिशात मावेल असा कॅमेरा बाजारात आल्यावर हमालांचे प्रयोजन उरले नाही. ओझे हलके झाले, हमाल घरी गेले, आणि छायाचित्रकार स्वतःच आपला हमाल झाला. या स्थित्यंतराचे उत्तम उदाहरण म्हणून होमाई व्यारावाला यांचे नाव घ्यावे लागेल. मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकून वृत्तछायाचित्रणात उतरलेल्या या बाई १९४२ साली दिल्लीला गेल्या आणि स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा व त्याचा सरंजाम घेऊन, साडी नेसून, सायकलवरून राजधानीभर फिरल्या. त्या कॅमेऱ्याच्या एका चौकटीत फिल्मचे दोनच ताव, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला. म्हणजे समारंभात दहा चित्रे घ्यायची तर पाच चौकटी बरोबर हव्यात. अशा वेळी काय न्यावे याहून काय नेऊ नये हे ठरवणे अधिक महत्त्वाचे असते.

ज्या मऊ पिशव्यांना आज आपण कॅमेऱ्याच्या पिशव्या म्हणून ओळखतो त्यांचा इतिहास पन्नास-साठ वर्षांपलीकडे जात नाही, आणि त्यांचे जनक भिन्न भिन्न व्यवसायांतले आहेत ही बाब मोठी उद्बोधक आहे. ग्रेग लोव हा अमेरिकन गिर्यारोहक; १९६७ च्या सुमारास त्याने पाठपिशवीच्या आतच सांगाडा बसवून भार खांद्यावरून कमरेवर उतरवण्याची सोय केली आणि त्याच घराण्यातून कॅमेऱ्याच्या सॅक निघाल्या. इंग्लंडातील बिलिंगहॅम ही पेढी १९७३ पासून मासे गळाला लावणाऱ्या शौकिनांसाठी कॅनव्हासच्या पिशव्या शिवत होती; न्यूयॉर्कचे छायाचित्रकार त्या पिशव्या कॅमेऱ्यांसाठी वापरतात हे तिला काही वर्षांनी कळले. जिम डोमके हा मात्र अस्सल वर्तमानपत्री माणूस. फिलाडेल्फियाच्या एका दैनिकात नोकरी करताना कडक, खोक्यासारख्या पेट्यांना कंटाळून त्याने १९७० च्या दशकाच्या मध्यास साध्या कॅनव्हासची, जवळजवळ बिनगादीची पिशवी शिवून घेतली. ती अंगाला चिकटून राहत असे, आणि तिच्या पट्ट्यात रबराचे धागे विणलेले असल्यामुळे तो खांद्यावरून घसरत नसे. आपल्याकडच्या वार्ताहरांची शबनम पिशवी याच जातीची, फक्त तिच्या पोटात कॅमेऱ्याऐवजी कागद आणि चिवड्याचा पुडा असे.

गिर्यारोहक, मासेमारी करणारा आणि बातमीदार हे तीन जनक मी मुद्दाम सांगितले, कारण आजच्या साऱ्या प्रकारांचे मूळ त्यांत आहे. गिर्यारोहकाला लांब चालायचे असते आणि वाटेत पिशवी उघडायची नसते. गळ टाकणारा एका जागी तासन्‌तास बसतो, पण दर पाच मिनिटांनी पिशवीत हात घालतो. बातमीदार धावतो आणि धावता धावताच हात घालतो. वाहून नेणे आणि वापरणे ही दोन वेगळी कामे आहेत. एकाचे उत्तम साधन दुसऱ्यात बहुधा अडचणच करते. दुकानात उभे राहून ‘सर्वांत चांगली पिशवी कोणती’ असा प्रश्न विचारणारा मनुष्य निरुत्तर परततो किंवा फसतो तो यामुळेच.

आता ओझ्याचा हिशेब मांडू. व्यावसायिक दर्जाचा मोठा कॅमेरा सुमारे दीड किलोचा, ७० ते २०० मिलिमीटरचे भिंग तितक्याच वजनाचे, २४ ते ७० चे पाऊण ते एक किलो, फ्लॅश अर्धा किलो. दुसरा कॅमेरा, बॅटऱ्या, चार्जर, पाण्याची बाटली आणि हल्ली अपरिहार्य झालेला लॅपटॉप धरला म्हणजे आठ-नऊ किलोंची बेरीज सहज होते. आरसाविरहित नव्या कॅमेऱ्यांनी स्वतःचे वजन पाऊण किलोपर्यंत उतरवले हे खरे, परंतु मोठ्या छिद्राच्या भिंगांना प्रकाशशास्त्राचे नियम चुकत नाहीत, त्यामुळे तिथे बचत थोडीच. हे आठ किलो एका खांद्यावर टाकले की तो खांदा खाली जाऊ नये म्हणून मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू सतत आकुंचित राहतो, पाठीचा कणा विरुद्ध बाजूस कलतो, आणि संध्याकाळी जी ठणक लागते ती वजनाहून या असमतोलाची अधिक असते. पट्टा आडवा, म्हणजे डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीला घेतला तर पिशवी घसरत नाही, परंतु असमतोल जात नाही. गळ्यात लोंबणारा कॅमेरा तर मानेच्या मणक्यांचा उघड वैरी. वाकून छायाचित्र घेताना कॅमेरा व लांब भिंग मिळून होणाऱ्या तीन किलोंची ओढ कितीतरी वाढते.

आपल्या गोसाव्यांनी आणि वारकऱ्यांनी या प्रश्नाचा निकाल फार पूर्वी लावला होता. पडशी खांद्यावर टाकली की तिचे एक तोंड छातीवर आणि दुसरे पाठीवर येते, दोहोंकडे भार सारखा राहतो, आणि मनुष्य ताठ चालतो. छायाचित्रकाराने दोन खांद्यांवर दोन कॅमेरे घेण्यासाठी जो दुहेरी पट्टा वापरावा त्याचे तत्त्व याहून वेगळे नाही. पाठीवरची सॅक त्याही पुढे जाते: तिचा कमरपट्टा नीट बांधला तर बराचसा भार खांदे सोडून कटीच्या हाडांवर बसतो. ‘नीट’ या शब्दात मात्र सारे मर्म आहे. पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडाच्या कडेवर बसला पाहिजे; जड भिंग सॅकच्या तळाशी किंवा बाहेरच्या कप्प्यात न ठेवता पाठीला लागून, खांद्याच्या पात्यांच्या जरा खाली ठेवले पाहिजे; आणि खांद्याचे बंद इतकेच आवळावे की सॅक मागे ओढणार नाही. आपल्याकडे निम्मे लोक कमरपट्टा मागे गाठ मारून ठेवतात आणि मग सॅकला दोष देतात.

एवढे शास्त्र पदरी बांधून पारनेरच्या वाटेला लागू. पुण्याहून येणारा छायाचित्रकार शिरूर, वाडेगव्हाण, सुपे या मार्गाने मोटारीत बसून येईल. पण तालुक्याच्या प्रतिनिधीचे वाहन म्हणजे दुचाकी. दुचाकीवर सामान मागच्या कॅरिअरला बांधण्याचा जो शिरस्ता आहे तो तत्काळ सोडावा. कान्हूर पठाराच्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा तिथे थेट भिंगापर्यंत पोचतो आणि सततच्या हादऱ्यांनी भिंगातले सूक्ष्म स्क्रू सैल होतात. पाठीवरच्या सॅकला मात्र मनुष्यदेहाचा मऊ आधार मिळतो व पुष्कळसा हादरा वाटेतच जिरतो. मोठे भिंग कॅमेऱ्याला जोडून आडवे ठेवू नये, सुटे ठेवावे, म्हणजे जोडणीच्या कड्यावर ताण येत नाही. सारांश, मजल मारण्यासाठी सॅकसारखे साधन नाही.

परंतु कोरठणच्या डोंगरावर पोचल्यावर हीच सॅक शत्रू होते. पाठीवर फुगवटा असलेल्या माणसाला आपली पाठ कुठे संपते याचे भान राहत नाही. तो वळला की मागच्या म्हातारीला धक्का बसतो, आणि मानाच्या काठ्यांच्या मिरवणुकीत त्याला पुढे सरकायला कोणी जागा देत नाही. त्यात भंडारा. खंडोबाच्या यात्रेत हळदीची जी उधळण होते ती छायाचित्राला सोन्याची आणि यंत्राला विषाची. ही पूड इतकी बारीक असते की भिंगाच्या फिरत्या कड्यात शिरते, पिशवीच्या चेनमध्ये बसते, आणि उघड्या कॅमेऱ्यात गेली तर प्रकाशग्राहक पडद्यावर तिचे डाग दिसू लागतात. म्हणून येथे पहिला नियम असा की उधळणीत भिंग बदलू नये. आणि भिंग बदलायचे नाही म्हणजे एकाला रुंद व दुसऱ्याला लांब पल्ल्याचे भिंग लावलेले दोन कॅमेरे अंगावर हवेत. दुहेरी पट्टा येथे शोभून दिसतो. फक्त गर्दीत ते कॅमेरे हेलकावे खाऊन लहान मुलांच्या डोक्याशी भिडतात, यासाठी लांब भिंगाचा कॅमेरा काखेखाली दाबून धरण्याची सवय लावून घ्यावी. बॅटऱ्या आणि कार्डे कमरेच्या छोट्या कप्प्यात. सॅक देवस्थानच्या कचेरीत, ओळखीच्या दुकानात, कुठेही ठेवावी. मंडपात नेऊ नये.

बैलगाड्याच्या घाटात परिस्थिती आणखी अवघड. न्यायालयाने २०१४ मध्ये घातलेली बंदी डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर उठली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य ठरवला, तेव्हापासून यात्रांचे घाट पुन्हा गजबजले आहेत. बारी सुटली की घोडी पुढे, बैल मागे, आणि दहा-पंधरा सेकंदांत सारा खेळ संपतो. क्वचित एखादी जोडी वाट सोडून बाजूच्या गर्दीकडे वळते. या ठिकाणी ज्याला एका उडीत बाजूला होता येत नाही त्याने उभे राहू नये. दोन कॅमेऱ्यांचा लोभदेखील येथे नको. एक कॅमेरा, एक लांब भिंग, खिशात एक जादा बॅटरी, आणि गळ्याऐवजी मनगटाला गुंडाळलेला पट्टा. गळ्यातला पट्टा कुठे अडकला तर मनुष्य ओढला जातो, आणि धावत्या बैलांपुढे अशा ओढीची परीक्षा पाहण्यात शहाणपण नाही.

निघोजचे रांजणखळगे हा अगदी निराळा मामला. कुकडीच्या पात्रातील काळ्या बेसाल्टमध्ये प्रवाहाच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे शतकानुशतके गरगर फिरून ही कुंडे कोरली गेली. त्यांच्या कडा गुळगुळीत, अरुंद आणि ओल्या असताना निसरड्या आहेत. गर्दीचा जाच येथे नाही, परंतु पिशवी खाली ठेवावी अशी सपाट जागाही नाही, आणि जिथे वाटते तिथून ती घरंगळून कुंडात जाण्याचा संभव असतो. काखेतून आडवी जाणारी एकपट्टी पिशवी, जी पाठीवरून फिरवून छातीवर आणता येते व न उतरवता उघडता येते, ती येथे उपयोगी पडते. मात्र वाकताच ती आपण होऊन पुढे येते आणि तोल घालवते, म्हणून तिला काखेखालून बांधायचा दुसरा छोटा बंद असल्याशिवाय तिच्या वाटेस जाऊ नये. सॅकच घ्यायची तर पाठीच्या बाजूने उघडणारी घ्यावी. याचे कारण दुकानात सुचत नाही, चिखलात सुचते: नेहमीची सॅक उघडण्यासाठी पाठीकडची बाजू जमिनीवर टेकवावी लागते आणि तिथला सारा चिखल मग सदऱ्यावर येतो, पाठीकडून उघडणारी सॅक पालथी ठेवली जाते, पाठीची बाजू कोरडी राहते. शिवाय गर्दीत मागच्या माणसाला तिची चेन उघडता येत नाही, हा लाभ यात्रेच्या दिवसांत उपेक्षणीय नव्हे.

पाऊस या तालुक्यात बेताचाच, पण पडतो तेव्हा एकदम पडतो. सॅकसोबत येणारे पावसाळी आच्छादन वरून झाकते, पाठीची बाजू उघडीच राहते; सबब आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी असावी, तिचा खर्च नगण्य आणि भरवसा मोठा. घरी आल्यावर ओली पिशवी बंद करून कोपऱ्यात टाकणे हा गुन्हा समजावा, कारण गादीदार अस्तर कित्येक दिवस ओल धरून ठेवते आणि भिंगांवर बुरशी धरायला याहून अनुकूल स्थान नाही. उन्हाळ्यात काळी पिशवी बंद मोटारीत ठेवण्याचे दुष्परिणाम निराळे सांगायला नकोत.

राळेगणसिद्धीची कामगिरी म्हणजे प्रतीक्षेची कामगिरी. डिसेंबर २०१३ मध्ये लोकपाल विधेयकासाठी आणि पुन्हा ३० जानेवारी २०१९ पासून अण्णा हजारे यादवबाबांच्या मंदिरात उपोषणास बसले, तेव्हा दूरदूरचे छायाचित्रकार त्या लहानशा गावात दिवसेंदिवस मुक्काम ठोकून होते. अशा ठिकाणी तासन्‌तास काही घडत नाही आणि मग एखादा मंत्री येतो, सरबताचा पेला पुढे होतो, व अर्ध्या मिनिटात दिवसाचे छायाचित्र घडून जाते. येथे गळ टाकणाऱ्याची पिशवी श्रेष्ठ: मांडीशी ताठ उभी राहणारी, वरून झाकणाने मिटणारी, आत न पाहता हाताला भिंग सापडेल अशी. एक बारीकशी, पण अनुभवी माणसाला पटेल अशी सूचना: झाकणाला वेल्क्रो नको. भजन चालू असताना किंवा कोणी क्षीण आवाजात बोलत असताना ती फडफड उघडली की साऱ्या मंडपाच्या माना वळतात. अनेक खिशांचे जाकीट ही आपल्याकडच्या वृत्तछायाचित्रकारांची जणू वर्दीच होऊन बसली आहे. हिवाळ्यात ठीक, नगर जिल्ह्याच्या चैत्र-वैशाखात तिच्यात मनुष्य शिजतो, आणि छातीवरच्या खिशांत भिंगे भरली की सारा भार पुढे ओढतो.

चाकांची पेटी विमानतळाच्या फरशीसाठी आहे. मुरमाड वाटेवर तिची चाके दोन फेऱ्यांत निकामी होतात. कडक, जलाभेद्य पेटी मात्र मोटारीच्या डिकीत असावी. तिच्यावर उभे राहून गर्दीच्या डोक्यांवरून छायाचित्र घेता येते, हा तिचा उपयोग तिच्या निर्मात्यालाही ठाऊक असावा.

तेव्हा माझा निर्णय स्पष्ट आहे. पोचण्यासाठी पाठीकडून उघडणारी, कमरपट्ट्याची सॅक. आणि तिच्याच पोटात घडी करून ठेवलेली एक हलकी, बिनगादीची खांद्याची पिशवी किंवा कमरेचा पट्टा. मुक्कामी पोचल्यावर त्या त्या प्रसंगाला लागणाऱ्या तीन-चार वस्तू काढून घ्याव्यात व बाकी सरंजाम सुरक्षित ठिकाणी ठेवावा. ज्याला परदेशी पेढ्यांची किंमत परवडत नाही त्याने शाळेच्या मजबूत दप्तरात स्पंजचे कप्पे बसवून घ्यावेत, बंदांच्या मुळाशी गावच्या चर्मकाराकडून दुहेरी टाका मारून घ्यावा, आणि त्या दप्तरावर कोणत्याही कॅमेऱ्याचे नाव नाही याबद्दल समाधान मानावे. एस्टीच्या गर्दीत चोराचे लक्ष आधी नावाकडे जाते. आणि विकत घ्यायचीच असेल तर दुकानात रिकामी पिशवी उचलून पाहू नये. आपले सारे सामान बरोबर न्यावे, तिच्यात भरावे, बंद आवळून पंधरा मिनिटे दुकानात व बाहेर फिरावे, दोनदा उकिडवे बसावे, एकदा जिना चढावा, आणि डोळे मिटून लांब भिंग बाहेर काढून पाहावे. दुकानदार हसला तर हसू द्यावे. एवढे करू देत नसेल तर दुसरे दुकान गाठावे.